ठाण्याहून वाईन टेस्टिंग: सुला की व्हॅलोन?

घोडबंदरवरून सकाळी सहाला निघालात तर दोन्ही एका दिवसात होतात, पण आमच्या ग्रुपमध्ये दरवेळी वाद हाच की नाशिकची मोठी वाईनरी सुला की इगतपुरीकडची छोटी व्हॅलोन. सुलाची टेस्टिंग रूम 2005 पासूनची, गंगापूर धरणाजवळ, जेवण, दुकान, फोटो सगळं आहे, पहिल्यांदा जाणाऱ्याला तिथेच न्या. पण शनिवार-रविवार नको बाबा, आमच्या जांभळी नाक्याच्या गर्दीची आठवण येते.

व्हॅलोन मुकणे धरणाच्या काठी, कसारा घाट चढलात की नाशिकपर्यंत जायची गरजच नाही. छोट्या ठिकाणी मजा ही की ओतणाऱ्याला निवांत प्रश्न विचारता येतात, म्हणजे रेडला रंग सालांमुळे येतो आणि व्हाईटमध्ये रस आधीच वेगळा काढतात, हे मला अशाच एका टेबलावर कळलं, तोवर मी काळी द्राक्षं म्हणजे रेडच समजत होतो (हसू नका). फक्त आधी फोन करून जा.

सासूबाई सोबत असतील तर सुला, त्या निदान जेवतील तरी. मी व्हॅलोनवाला. आणि हो, दोन्हीकडे परतीला गाडी न पिणाऱ्याकडेच.