पिकोस की पिरेनीज? बाईकवाल्या ग्रुपसाठी

लंडनचा मित्र विचारतोय, चार बाईक, आठ दिवस, स्पेनचे डोंगर, पण नेमके कुठले? उत्तर स्पेनमधले पिकोस की स्पेन-फ्रान्स सीमेवरचे पिरेनीज? मी दोन्ही केलेत म्हणून सांगतो.

पोचणं: इंग्लंडहून स्वतःची बाईक नेणार असाल तर पिकोस दे एउरोपा सोपं, पोर्ट्समथहून फेरीबोट थेट स्पेनच्या सांतांदेर बंदराला, तिथून डोंगर दोनेक तासांवर. बोटीचं तिकीट मात्र खिसा हलका करतं. विमानाने जाऊन भाड्याची बाईक घ्यायची तर बार्सिलोनाहून पिरेनीज बरं.

रस्ते: इथेच खरी मजा आहे. पिकोसमध्ये एर्मिदाची घळ, एकवीसेक किलोमीटर, दोन्ही बाजूंना कडे आणि शेजारी नदी, पुढे पोतेस गाव, मग सान ग्लोरिओचा १६०९ मीटरचा घाट. पोतेसला एकच खोली घ्या, सामान तिथेच टाका आणि रोज रिकाम्या बाईकने वेगळी चक्कर मारा, हे सुख शब्दात सांगता येत नाही! पिरेनीजमध्ये एन-२६० हा एकच रस्ता धरून सुमारे ५०० किलोमीटर वळणंच वळणं, तोसेसचा घाट तर अफाट, पण रोज बॅगा बांधा, रोज नवं हॉटेल.

हवा: पिकोस समुद्राजवळ, धुकं-पाऊस कधीही, रेनसूट हवाच. पिरेनीजची स्पेनकडची बाजू जास्त कोरडी, उन्हाळ्यात दुपारी वादळी सरी येतात म्हणून सकाळी लवकर निघा.

ग्रुपात नवखे किंवा मागे बायको बसणार असेल तर पिकोस. रोज पुढे जायची खाज असलेले पक्के रायडर असाल तर डोळे मिटून पिरेनीज.