विभक्तींचा मोठा तक्ता: पाच रकाने जवळपास चोख, सहावा दुरुस्त करून टांगावा

छत्रपती संभाजीनगरात औरंगपुऱ्यातल्या पुस्तकांच्या दुकानांत भारोपीय (इंडो-युरोपीय) भाषांच्या विभक्तींचा एक भिंतीवरचा तक्ता मिळतो. लॅमिनेशन केलेला आहे, किंमत ३५० रुपये. रकाने सहा: आद्य भारोपीय (या सगळ्या भाषांची मूळ भाषा), संस्कृत, ग्रीक, लॅटिन, लिथुआनियन आणि शेवटी प्राकृत-मराठी. एमएच्या वर्गात आणि सेट-नेटच्या तयारीला तो नक्की उपयोगी पडेल.

नमुना शब्द 'लांडगा' घेतलाय, ही निवड अचूक. 'देव' घेतला असता तर ग्रीकचा रकाना रिकामा राहिला असता, कारण ग्रीक 'थेओस'चा अर्थ देव असला तरी तो 'देव'चा सोयरा नाही, म्हणजे त्याच मुळातून आलेला नाही. लांडग्याची ओळ मात्र सरळ लागते: वृकः, लुकोस, लुपुस, विल्कास. द्वितीयेत वृकम्, लुपुम आणि ग्रीक लुकोन. ग्रीकमध्ये शब्दाच्या शेवटचा म् चा न् होतो, हे बाजूला बारीक अक्षरांत दिलेलं आहे.

सगळ्यात चांगली ओळ पंचमीची. संस्कृत -आत् आणि जुन्या लॅटिनचा -ओद शेजारी छापलेत. अकारान्त नामाखेरीज इतरत्र पंचमी एकवचन षष्ठीसारखंच असतं (अग्नेः, नद्याः), ही टीपही आहे. तृतीयेत 'वृकेण'मधला -एन सर्वनामांकडून आला आणि त्याआधीचं रूप वैदिक 'यज्ञा'सारखं -आ होतं, हेही सांगितलंय. इतकं नेमकं साहित्य मराठीत सहज मिळत नाही.

चुका दोन छोट्या, एक मोठी. पहिल्या रकान्यातली रूपं कुठे लिहिलेली सापडलेली नाहीत, ती तुलनेवरून मांडलेली आहेत. त्यांच्यापुढे तारांकन (*) हवंच, पण षष्ठीच्या ओळीत ते गळलंय. त्याच ओळीत लॅटिन 'लुपी'चा बाण *-ओस्यो या प्रत्ययावरून काढलाय. तो -ई वेगळा आहे. *-ओस्योचा खरा लॅटिन पुरावा १९७७ साली इटलीत सात्रिकम इथे सापडलेल्या शिलालेखात आहे: 'पोप्लिओसिओ वालेसिओसिओ'. होमरच्या ग्रीकमधला -ओइओ आणि आपला संस्कृत -स्य हे त्याचेच भाऊ.

मोठी चूक सहाव्या रकान्यात. शाळेतला 'स, ला, ते, ने, शी, ऊन, हून, चा, ची, चे' हाच पाढा तिथे उतरवलाय आणि -स्य समोर 'चा' ठेवलाय. विद्यार्थी हे पाहून -स्य पासून चा झाला असं समजतात. चा हा पुढच्या नामाच्या लिंग-वचनाप्रमाणे बदलतो (देवाचा घोडा, देवाची पालखी), म्हणजे तो वागतो विशेषणासारखा. जुनी षष्ठी त्याच्या आधी, सामान्यरूपात बसलीय. देवस्य, प्राकृतात देवस्स, आणि त्यातून देवा-. अनेकवचनात देवानाम्, देवाणं, देवां-. 'देवांचा'मधला अनुस्वार म्हणजे त्या -आनाम् चा उरलेला नाद. सातवाहनांच्या पैठणची महाराष्ट्री प्राकृत ही यातली मधली पायरी, आणि तिचीच रूपं तक्त्यावर एका कोपऱ्यात कोंबलीत. चतुर्थी प्राकृतातच षष्ठीत विरली होती, याचा उल्लेखच नाही.

दुरुस्ती सोपी. कागदाची पट्टी कापून सहाव्या रकान्यावर चिकटवा आणि तिचे तीन भाग करा: महाराष्ट्री रूप, मराठी सामान्यरूप, नंतर जोडलेला प्रत्यय. लॅमिनेशनवर साधा डिंक धरत नाही. दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप वापरा. ट्यूबलाइटच्या समोर टांगू नका, चकाकीने अनुस्वार दिसत नाहीत, आणि इथे सगळा खेळ अनुस्वाराचाच आहे.

सर्वनामं तक्त्यात नाहीत, ती खाली हातानं लिहावीत. मह्यम्, प्राकृत मज्झ, जुनं मराठी मज, आजचं माझं. शेजारी लॅटिन मिही. जालना-परभणीकडची मुलं वर्गात असतील तर त्यांचं 'मव्हं' आणि 'तुव्हं'ही त्याच ओळीशेजारी लिहून घ्या.