प्रमुख याजकाचा वेश शिवताना: सोनेरी की पांढरा?

संडे स्कूलच्या नाटुकल्यासाठी प्रमुख याजकाचा वेश शिवायचा असेल, तर कापड घेण्याआधी प्रसंग ठरवा. प्रमुख याजक म्हणजे यरुशलेमच्या मंदिरातला यहुद्यांचा सर्वोच्च धर्मगुरू, आणि त्याचे पोशाख दोन होते.

सोनेरी पोशाख वर्षभराच्या सेवेचा. साधा याजक चार वस्त्रांत सेवा करी: चोळणा, अंगरखा, कमरबंद, फेटा. प्रमुख याजकाची वस्त्रं आठ. निळा झगा, एफोद (झग्यावरून घालायचं, खांद्यांवर पट्टे असलेलं वस्त्र), ऊरपट (छातीवरचा रत्नजडित पट) ही जास्तीची, आणि कपाळावर सोन्याची पट्टी, तिच्यावर ‘परमेश्वरासाठी पवित्र’ ही अक्षरं. एफोदाचं काम थक्क करणारं आहे. सोनं ठोकून पत्रे केले, पत्र्यांच्या तारा कापल्या आणि त्या निळ्या, जांभळ्या, किरमिजी सुतात गुंफल्या. आपल्या पैठणीची जरच म्हणा. ऊरपटावर चार ओळींत 12 रत्नं, एकेका रत्नावर इस्राएलाच्या एकेका वंशाचं नाव. दोन्ही खांद्यांवरच्या रत्नांवर तीच नावं, सहा-सहा. सगळी प्रजा अंगावर घेऊन तो देवापुढे उभा राहायचा! झग्याच्या घेराला घुंगरं आणि डाळिंबं आहेत, ती गाळू नका.

पांढरा पोशाख फक्त प्रायश्चित्ताच्या दिवसाचा (वर्षातून एकदा सगळ्या लोकांच्या पापांची क्षमा मागायचा दिवस), तागाचा, चारच वस्त्रांचा. परमपवित्र स्थानात, म्हणजे मंदिराच्या सर्वांत आतल्या गाभाऱ्यात, प्रमुख याजक जाई तो याच पोशाखात. म्हणून कराराच्या कोशापुढे (देवाच्या आज्ञांच्या पेटीपुढे) धूप घेऊन उभा असलेला सोनेरी याजक कितीही देखणा वाटला, तरी ते चित्र बायबलातल्या लेवीय 16 शी जुळत नाही. त्या दिवशी सोनेरी वस्त्रंही लागत, पण नित्याच्या अर्पणांसाठी. मिश्ना या यहुदी नियमग्रंथाप्रमाणे, वस्त्रं अशी बदलताना दिवसभरात पाच स्नानं आणि दहा वेळा हातपाय धुणं होई. पांढरं म्हणजे स्वस्त, असंही नव्हतं. मिश्नातले एक यहुदी धर्मगुरू, रब्बी मेईर, सांगतात की सकाळचं कापड मिसरमधल्या पेलुसियमचं असे आणि दुपारनंतरचं हिंदुस्थानी. आपल्याकडचं कापड त्या दिवशी तिथे पोचलेलं!

माझं मत विचाराल तर पहिला प्रमुख याजक अहरोन याचा अभिषेक दाखवायचा असेल तर सोनेरी घ्या, मेहनतीची तयारी ठेवा. प्रायश्चित्ताचा दिवस असेल तर पांढराच, आणि मुलांना कारणही समजावून सांगा. तल्मूद या यहुदी ग्रंथात ते आलं आहे: सोन्याचं वासरू करून पूजण्याचं पाप झालं, तेच सोनं अंगावर घेऊन क्षमा कशी मागायची?

याजक आत मेला तर ओढून काढता यावं म्हणून पायाला बांधलेली दोरी मात्र दाखवू नका, ती कथा मध्ययुगातली. आणि वेश कुठलाही असो, पाय अनवाणी ठेवा. वस्त्रांच्या यादीत पादत्राण नाहीच.