माठावरचा पतंग आणि ‘तीसपटीचे’ भिंग

खानापूरला आमच्या परसात माठाच्या भाजीला तुरे आले की भरदिवसा एक चिमुकला पतंग त्यांवर येऊन बसतो. तांदळाच्या दाण्याएवढा जीव, काळपट पंखांवर पिवळे ठिपके आणि पोट मात्र शेंदरी. त्याची ओळख पटवायची म्हणून बेळगावच्या बाजारातून घडीचे भिंग आणले आणि पावसाळाभर वापरले.

भिंगावर ‘३०×२१’ असे कोरले आहे आणि विक्रेत्यानेही तीसपट मोठे दिसेल असे सांगितले होते; ते खरे नाही. २१ हा काचेचा मिलिमीटरमधला व्यास आहे. समोरच्या खिडकीची प्रतिमा भिंतीवर स्पष्ट उमटली, तेव्हा काच भिंतीपासून जेमतेम २५ मिलिमीटरवर होती. डोळ्याला वस्तू स्पष्ट दिसण्याचे जवळचे अंतर २५० मिलिमीटर धरतात; त्याला या अंतराने भागले की उत्तर येते दहा. खोट्या आकड्याचा राग आला, पण या कामाला दहापटच हवे, कारण खऱ्या तीसपटीला कीटक काचेपासून आठ मिलिमीटरवर धरावा लागतो आणि तिथे उजेड पोहोचत नाही.

पतंग काचेच्या नळीत घेऊन थोडा वेळ फ्रिजमध्ये ठेवला की तो शांत होतो. मग भिंग डोळ्याला टेकवून नळी हळूहळू जवळ आणावी. पहिल्यांदा पंखांवरचे खवले खानापुरी कौलांसारखे एकावर एक रचलेले दिसले, तेव्हा मी कितीतरी वेळ नळी खाली ठेवली नाही. शृंगिकांचा, म्हणजे डोक्यावरच्या मिशांसारख्या स्पर्शांगांचा, बुडाकडचा भाग खवल्यांनी जाडसर झालेला होता, आणि हीच खूण मला एरेट्मोसेरा या प्रजातीपर्यंत घेऊन गेली. नावातच वल्हे आणि शिंग असे दोन ग्रीक शब्द आहेत. माठवर्गीय झाडांवर अळी वाढणारा, १८६४ मध्ये ब्रिटिश कीटकशास्त्रज्ञ फ्रान्सिस वॉकर यांनी वर्णिलेला एरेट्मोसेरा इम्पॅक्टेला हाच तो असावा. मात्र याच्या सिथ्रिडिडी कुळात जातीचा खात्रीशीर निर्णय बहुधा जननेंद्रियांच्या रचनेवरून, सूक्ष्मदर्शकाखालीच होतो, आणि ते काम या भिंगाचे नाही.

कडेला जांभळट झालर दिसते, ती रंगदोषामुळे, म्हणजे काच सगळे रंग एकाच जागी आणू शकत नाही म्हणून. तीन काचा जोडलेले, खरोखर दहापटीचे भिंग मिळाले तर चार पैसे जास्त देऊन तेच घ्यावे, आणि पैसे देण्यापूर्वी दुकानातच मोजपट्टीच्या रेषा त्यातून पाहाव्यात. कडेच्या रेषा वाकलेल्या दिसल्या तर दुसरे मागावे.