वरची वाडी, खालची वाडी: वाय गुणसूत्राचं एसटीआर तपासावं की एसएनपी?

आमच्या वरच्या वाडीत कोणी गेलं की खालच्या वाडीतही दहा दिवस सूतक. आडनाव एक, कुलदेवता एक, देवळातला मान मात्र वेगवेगळा. मूळ पुरुष एकच होता का, असं विचारलं की दोन्हीकडचे म्हातारे वंशावळीची वही काढतात, आणि आठव्या-नवव्या पिढीला दोन्ही वह्या गप्प होतात. आता पोरं म्हणतात, डीएनए तपासून टाकू. तपासा, पण दोन्ही वाड्यांतून एकेक पुरुष लागेल. वाय गुणसूत्र बापाकडून लेकाकडेच जातं. आत्याला कितीही माहिती असली तरी तिची लाळ इथे कामाची नाही.

एसटीआर ही मोजणी आहे. डीएनएचा बहुधा चार अक्षरांचा तुकडा एका जागी पाठोपाठ किती वेळा येतो, एवढंच बघायचं. डीवायएस390 या जागी माझ्याकडे 24, तुमच्याकडे 25, असं. एका जागचा आकडा ढोबळमानाने 400 पिढ्यांत एकदा बदलतो. समजा, दोन वाड्या 10 पिढ्यांमागे फुटल्या. दोन्ही बाजू मिळून 20 पिढ्या, तपासल्या 17 जागा: बदलाच्या संधी 340. म्हणजे सरासरी एकाहून कमी फरक. तेव्हा एक आकडा जुळला नाही म्हणून भावकी तोडू नका. सहा-सात जागी फरक निघाला, तर मात्र दहा पिढ्यांची गोष्ट विसरा.

उलट फसगतही होते. अलिबागजवळ नवगावला गलबत फुटून आपले पूर्वज किनाऱ्याला लागले, असं बेने इस्रायली, म्हणजे आपले कोकणातले ज्यू, शनिवार तेली, सांगतात. अशा कहाण्या तपासताना ज्यूंच्या कोहेन पुरोहित घराण्यांचा 6 एसटीआर खुणांचा, म्हणजे अशाच मोजायच्या जागांचा, संच 1998 पासून फार वापरला गेला. पुढे दिसलं की तोच मेळ भलत्या वंशांतही आपोआप जमतो. 2009 साली खुणा 12 केल्या आणि जोडीला पी58 ही एसएनपी, म्हणजे दुसऱ्या प्रकारची खूण, घ्यावी लागली.

एसएनपी म्हणजे एकाच अक्षराचा बदल. एकदा झाला की सहसा परत फिरत नाही, म्हणून वंशाची फांदी पक्की कळते. पण स्वस्तातली तपासणी नुसता मोठा गट सांगते. 'आर1ए' असं उत्तर आलं, तर ते पोलंडमधल्या माणसालाही लागू. वाड्यांचा प्रश्न सोडवायचा तर वायचा मोठा भाग वाचून घ्यावा लागतो. त्यात दर दोन-तीन पिढ्यांत एखादा नवा बदल सापडतो. खर्च अर्थात बराच जास्त.

न्यायवैद्यक कामात एसटीआरच चालतं. बाईच्या डीएनएत मिसळलेला पुरुषाचा अंश त्याने वेगळा ओळखता येतो. पण जुळला तर बोट एका माणसाकडे नाही, अख्ख्या भावकीकडे जातं. चाळीस घरांच्या वाडीत ही काही लहान अडचण नाही. भराभर बदलणाऱ्या 13 खुणांचा संच निघाला आहे, तरी त्यानेही बापलेकांच्या साधारण चारांतली एकच जोडी वेगळी दिसते.

मी आधी एसटीआर करीन, शक्यतो 27 खुणांचं. आकडे जवळजवळ जुळले तरच दोघांच्या वायच्या मोठ्या वाचनाला पैसे घालीन. अजिबात जुळले नाहीत, तर वाडीत बोभाटा करण्याआधी वहीत कुठे 'दत्तक' लिहिलंय का ते बघीन. आमच्या वहीत असं एक नाव आहे, आणि त्याच्यापुढची शाई जरा वेगळी दिसते.