फायरप्लेसच्या टाइल्स काढून घेतल्या, ४ स्टार
लंडनमधलं आमचं घर व्हिक्टोरियन काळातलं, फायरप्लेसच्या दोन्ही बाजूंना ५-५ टाइल्स, ६ इंची, हिरव्या फुलांच्या. नवरा छिन्नी घेऊन समोरूनच ठोकायला निघालेला, म्हटलं थांब बाबा, आणि एका कारागिराला बोलावलं. त्याने टाइल्सना समोरून हातच लावला नाही, टाइल्स बसवलेली अख्खी बिडाची चौकट भिंतीतून सोडवली, गोधडीवर पालथी घातली, टाइल्स मागून धरून ठेवणाऱ्या पट्ट्यांच्या गंजक्या स्क्रूंवर तेल सोडून ते काढले आणि प्लास्टर हळूहळू खरवडलं. दहापैकी नऊ अखंड निघाल्या!! एकीचा कोपरा उडाला, पण पठ्ठ्या गप्पच, मी दाखवल्यावर सॉरी म्हणाला. आणि काजळी सगळी कार्पेटवर, एक स्टार त्याचाच कापला. राहिलेलं प्लास्टर मी रात्रभर पाण्यात भिजवून बोथट सुरीने काढलं.