स्कॉटलंडच्या तुरुंगातलं व्हेप: कर्मचाऱ्यांच्या नजरेतून
30 नोव्हेंबर 2018 ला स्कॉटलंडच्या तुरुंगांत सिगारेट बंद झाली. कॅन्टीनमध्ये, म्हणजे तुरुंगातल्या दुकानात, रिचार्ज होणारं व्हेप (ई-सिगारेट) मिळू लागलं. ओढायची मुभा कोठडीत आणि उघड्या आवारात. तंबाखूचा धूर गेला, तलफेची चिडचिड आवरते, म्हणून पहारेकऱ्यांचा कल एकंदरीत अनुकूल. तक्रारी मात्र खऱ्या आहेत. दोघांच्या बंद कोठडीचं दार उघडलं की गोडसर वाफ थेट तोंडावर येते. व्हेपमधल्या द्रवाची कॅप्सूल सीलबंद असली तरी हिकमती कैदी (त्यांच्याकडे वेळच वेळ!) कॉइलच्या (व्हेपमधल्या तापणाऱ्या तारेच्या) उष्णतेवर ‘स्पाइस’ या कृत्रिम अमली पदार्थात भिजवलेला कागद तापवतात. उधारीत कॅप्सूल फिरतात, मग वसुलीची दमदाटी. झडतीआधी व्हेप बंद करायला लावून दार जरा उघडं ठेवणं हाच व्यवहार्य इलाज, तोही पुरेशी माणसं ड्यूटीवर असतील तर.